त्यांच्या सभेला परवानगी, आमच्या पोराला नोटीस?

प्रश्न : माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. स्कॉलरशिपचे पैसे अडकलेत म्हणून पोरांनी कलेक्टर ऑफिससमोर धरणं धरायचं ठरवलं होतं. आदल्या रात्री पोलीस घरी येऊन नोटीस देऊन गेले. शेजारी म्हणतात आता नोकरीला अडचण येणार. मी त्याला जाऊच दिलं नाही. चुकले का? (एक आई, कोपरी, ठाणे)

ताई, चुकलात असं मी अजिबात म्हणणार नाही. रात्री दारात पोलीस उभे राहिले की कुठल्याही आईच्या पोटात गोळा येतो. पण ती नोटीस नीट वाचा, बहुतेक तिच्यावर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 168 लिहिलेलं असेल. जुनी कार्यकर्ते मंडळी जिला '149 ची नोटीस' म्हणायची तीच ही, जुलै 2024 पासून नवे कायदे आले तसा नंबर बदलला. गुन्हा घडू नये म्हणून पोलिसांनी आधीच दिलेली ताकीद, एवढाच तिचा अर्थ. ती एफआयआर नाही, अटक नाही, नुसत्या नोटिशीने कुणी आरोपी होत नाही. शेजाऱ्यांना हे जरूर सांगा.

आता दुसरी बाजूपण सांगते. ठाण्यात काय, नवी मुंबईत काय, महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली मनाई आदेश निघतच असतात, सण आला, परीक्षा आल्या, कुठलं आंदोलन आलं की निघाला आदेश. जमावबंदीचा असा आदेश राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय 15 दिवसांच्या वर चालत नाही, पण एक संपला की दुसरा येतो. तो लागू असताना परवानगी न घेता पोरं जमली तर कलम 135 खाली गुन्हा दाखल होऊ शकतो, हे खोटं नाही. म्हणून अर्ज आधी द्यायचा, लेखी द्यायचा, तारीख, वेळ, किती जण, स्पीकर आहे का ते सगळं लिहायचं आणि पोच घ्यायची. नाही म्हणाले तर नकारही लेखी मागायचा. याच पोलीस कायद्याबद्दल 1972 मध्ये सुप्रीम कोर्टासमोर अहमदाबादची केस गेली होती (तो कायदा तेव्हा गुजरातलाही लागू होता). कोर्टाने सांगितलं की रस्त्यावरच्या सभेला पोलीस नियम लावू शकतात, पण कुठलेही निकष न ठेवता मनाला येईल तशी परवानगी नाकारता येणार नाही. शांततेने, हत्याराशिवाय जमण्याचा हक्क घटनेच्या कलम 19 मध्येच लिहिलाय. पुढच्या वेळी अर्ज घेऊन मुलासोबत तुम्ही स्वतः पोलीस स्टेशनला जा.

प्रश्न : आमच्या इथे मैदानात एका संघटनेची सभा झाली, मी गॅलरीतून सगळी ऐकली. अमक्या समाजाच्या दुकानातून काही घेऊ नका, त्यांना फ्लॅट भाड्याने देऊ नका इथून सुरुवात झाली आणि शेवटी 'एकदा दाखवून देऊ' इथपर्यंत गाडी गेली. बंदोबस्ताला पोलीस होते, कुणी थांबवलं नाही. अशा संघटनांवर सरळ बंदी का घालत नाहीत? जर्मनीत तर नाझींवर बंदी आहे ना? (एक वाचक, नेरुळ)

दादा, तुमचा राग मला पूर्ण पटतो. पण यात दोन प्रश्न एकात मिसळलेत, भाषण आणि संघटना, ते आधी वेगळे करूया.

भाषणासाठी आपल्याकडे कायदा आहे. दोन समाजांत द्वेष पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 196 खाली गुन्हा आहे, आणि एप्रिल 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना सांगितलंय की अशा भाषणावर तक्रारीची वाट न बघता स्वतःहून गुन्हा दाखल करा, बोलणारा कुठल्या धर्माचा आहे ते बघू नका. म्हणजे तुमच्या मैदानात अडलं ते कायद्यावाचून नाही, बंदोबस्ताला उभं राहून नुसतं ऐकणाऱ्यांमुळे अडलं, आणि हे मला फार लागतं. तुमच्याकडे व्हिडिओ असेल तर मूळ फाइल जपून ठेवा, लेखी तक्रार द्या, पोलीस स्टेशनने घेतली नाही तर वरिष्ठांकडे पोस्टाने पाठवा, तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं.

आता बंदी. जर्मनीचं अर्धंच ऐकायला मिळतं आपल्याला. हिटलरच्या पक्षावर 1923 च्या म्युनिकच्या उठावानंतर बंदी आली होतीच, 1925 मध्ये पक्ष पुन्हा उभा राहिला आणि नंतर निवडणुका लढवत लढवतच 1933 पर्यंत सत्तेत पोचला. त्या अनुभवातून 1949 च्या राज्यघटनेत त्यांनी एक फार शहाणपणाची गोष्ट केली, राजकीय पक्षावर बंदी घालायचा अधिकार सरकारच्या हातात ठेवलाच नाही, तो फक्त घटना न्यायालयाला दिला. आणि इतक्या वर्षांत त्या न्यायालयाने दोनच पक्ष बंद केले, 1952 मध्ये नाझींचा वारसा सांगणारा एक आणि 1956 मध्ये कम्युनिस्ट पक्ष. एनपीडी नावाच्या कडव्या पक्षाची केस 2003 मध्ये कोसळली कारण पक्षाच्या नेतृत्वातच सरकारचे खबरे बसलेले निघाले! 2017 मध्ये परत केस झाली तेव्हा कोर्ट म्हणालं की यांचे हेतू लोकशाहीच्या विरोधातले आहेत, पण ते तडीला न्यायची ताकद यांच्यात नाही, म्हणून बंदी नाही. मग 2024 मध्ये त्यांचा सरकारी निधी सहा वर्षांसाठी बंद केला. द्वेषाला स्टेटचे पैसे नाहीत, पण पक्ष बंद करायचा तर पुरावा न्यायाधीशासमोर ठेवा. मला हे पटतं.

आपल्याकडेही 1952 मध्येच सुप्रीम कोर्टाने मद्रास सरकारचा असा कायदा रद्द केला होता, ज्यात संघटना बेकायदा ठरवायला सरकारचं मत पुरेसं होतं आणि न्यायालयीन तपासणीची सोयच नव्हती. म्हणून तर यूएपीएमध्ये, म्हणजे बेकायदा कारवाया रोखायच्या केंद्राच्या कायद्यात, बंदी घातली की हायकोर्टाच्या न्यायाधीशाच्या ट्रिब्युनलने सहा महिन्यांत ती तपासायची असते. महाराष्ट्राचं जनसुरक्षा विधेयक जुलै 2025 मध्ये मंजूर झालं त्यात ट्रिब्युनलच्या जागी सल्लागार मंडळ आलं, आणि कडव्या डाव्या संघटनांसोबत 'तशाच प्रकारच्या' संघटना असेही शब्द आले. तशाच म्हणजे कशा? माझं तिथेच अडतं. सैल शब्दांचा कायदा कुणाला जाऊन लागतो ते आपल्या जिल्ह्याने बघितलंय, 2012 मध्ये पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं, आणि बंदबद्दल फेसबुकवर लिहिणाऱ्या एका मुलीला आणि ती पोस्ट लाइक करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला अटक झाली. त्यात लावलेलं आयटी कायद्याचं 66 अ कलम 2015 मध्ये कोर्टाने रद्द केलं तेव्हा मत मांडणं, मताचा प्रचार करणं आणि चिथावणी देणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत असं स्पष्ट सांगितलं. तुमच्या मैदानातलं 'दाखवून देऊ' तिसऱ्यात मोडू शकतं. सरकारच्या धोरणाला शिव्या घालणारी पोरं मोडत नाहीत, मग ती कितीही कडवट बोलोत.

आणि बंदीने माणसं कुठे जातात? ती तिथेच राहतात, तुमच्याच बिल्डिंगमध्ये. भिवंडी बघा ना, 1970 मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल पेटली, 1984 मध्ये परत. मग सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, दोन्हीकडचे यंत्रमागवाले, दुकानदार, साधे लोक आणि बीटचा पोलीस नियमित एकत्र बसायला लागले. 1992-93 ला मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. याला वेळ लागतो, कंटाळवाणं काम आहे, फोटो चांगला येत नाही. पण नेरुळमध्ये ज्यांना घर देऊ नका म्हणाले त्यांच्याशी तुम्ही बोललात का? आज संध्याकाळी जा.

प्रश्न : रास्ता रोकोमुळे सायन-पनवेल हायवेवर दीड तास अडकलो. हा कसला हक्क? (घणसोली)

रस्ता बेमुदत अडवायचा हक्क नाहीच, 2020 मध्ये शाहीनबागेच्या निकालात सुप्रीम कोर्टाने तेच सांगितलं. अॅम्ब्युलन्स अडली तर मीही तुमच्याच बाजूने. फक्त तुम्ही राहता ती जमीन कुणाची होती तेही लक्षात असू द्या. जानेवारी 1984 मध्ये सिडकोने नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरणचे शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबारात पाच जण गेले, आणि घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्याला परत द्यायची योजना त्या लढ्यातून आली.

प्रश्न : सोसायटीच्या ग्रुपची मी अॅडमिन आहे. कुणी भडकाऊ काही टाकलं तर मी आत जाईन का? (ऐरोली)

नुसतं अॅडमिन आहात म्हणून नाही. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये हे सांगितलंय, तुमचा त्यात हात किंवा संगनमत असेल तरच जबाबदारी येते. पोस्ट दिसली की स्क्रीनशॉट ठेवा, डिलीट करा, टाकणाऱ्याला समजवा, परत टाकली तर काढून टाका. पण सरकारवर टीका केली म्हणून कुणाला काढू नका हं. कोल्हापूरच्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकावर 370 बद्दलच्या स्टेटसवरून गुन्हा दाखल झाला होता, तो 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केला.