चर्चमधली तरुण मुलं गाण्यांवरून दुरावतात, त्यांना कसं टिकवायचं?

तुमच्या मंडळीत जुन्या लोकांना ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातली भजनं हवीत, तरुणांना गिटार आणि हिंदी गाणी हवीत, आणि या ओढाताणीत पोरं एकेक करून दुसऱ्या फेलोशिपला, म्हणजे दुसऱ्या उपासना-गटाला चाललीत. दोन्ही पिढ्यांना एकत्र कसं ठेवायचं, असं तुम्ही विचारलंय.

गाण्यांचं नंतर बघू. पोरं गाण्यांमुळे जात नाहीत. खुर्च्या लावणं, नाताळात तारे टांगणं आणि माईक जोडून देणं याखेरीज त्यांना चर्चमध्ये काही काम नसतं, म्हणून जातात. हे मी आमच्या मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांसमोर उभं राहून बोललेय, त्यामुळे इथे बोलायला मला संकोच नाही.

आमची मंडळी पिंपरी-चिंचवडची. जुने लोक नगर, जालना भागातून कंपन्यांत कामाला आलेले. सुरुवातीला उपासना कुणाच्या तरी क्वार्टरमध्ये व्हायची, पलंग उभा करून सतरंजी अंथरायची. पुढे बोनसमधून, कुणी फंडातून पैसे काढून हॉल बांधला. मग मंडळी वाढली. गावाकडचे नातेवाईक आले, इतर मिशनांतून आलेली कुटुंबं आली, आणि इंग्रजी माध्यमात शिकलेली आमचीच मुलं मोठी झाली. त्यांना मराठी गीतपुस्तक अडखळत वाचावं लागतं. ज्यांनी भिंती उभ्या केल्या त्यांना वाटायचं, ही कालची पोरं आम्हाला शिकवणार! पोरांना वाटायचं, हे घर आपलं नाहीच.

ठिणगी पडली ती हंगामाच्या सणावरून. दरवर्षी धान्य, भाज्या, कोंबड्या आणायच्या, उपासनेनंतर लिलाव करायचा आणि आलेली रक्कम मंडळीला द्यायची, ही आपली रीत तुम्हाला माहीत आहे. तरुण संघाने पत्र दिलं की या वर्षीचा सण आम्ही पूर्ण सांभाळतो, खर्चाची वहीसुद्धा आमच्याकडे द्या. पंचांनी सण दिला, वही दिली नाही. खजिनदार म्हणाले, "पोरांनी काम करावं, पैशाचं आम्ही बघू."

वार्षिक सभेत मी उठले. महिला मंडळाच्या बायका सहसा त्या सभेत चहाचं बघतात. मी बायबलातलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, सहावा अध्याय उघडला आणि वाचला. शिष्य वाढत होते तेव्हाच कुरकुर सुरू झाली. रोजच्या वाटणीत आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं, अशी ग्रीक बोलणाऱ्या हेल्लेणी यहूद्यांची तक्रार होती. प्रेषितांनी त्यांना गप्प बसा म्हटलं नाही, दोन उपदेश जास्त दिले नाहीत, सात माणसं निवडायला सांगितली. आता त्या सातांची नावं बघा. स्तेफन, फिलिप्प, नीकानोर, तीमोन... सातही नावं ग्रीक. ज्यांची तक्रार होती, वाटणीचा कारभार त्यांच्याच लोकांच्या हाती गेलेला दिसतो. मी सभेला विचारलं, आपल्या मंडळीत तक्रार कुणाची आहे आणि वही कुणाकडे आहे?

खजिनदार म्हणाले, "बाई, शास्त्र आम्हाला शिकवू नका." पाळकसाहेब मात्र म्हणाले की मतं घेऊ. वही पोरांना द्यायचा ठराव थोड्याच मतांनी पास झाला.

पोरांनी लिलाव ठेवला. ज्यांच्याकडे शेत नाही त्यांनी किराणा आणला, तोही बोलीला लावला. पाहुण्यांची लांबलचक भाषणं मात्र काढून टाकली, त्यावरून दोघे-तिघे रुसले आणि जेवायला थांबले नाहीत. गाणी निम्मी हिंदी होती. पुढच्या रविवारी दाराजवळच्या फळ्यावर जमा-खर्च लागला, प्रत्येक पावतीसकट. मंडपवाल्याचे किती, मटणाचे किती, उरले किती. आमच्याकडे असं कधी झालंच नव्हतं.

आणि त्या कागदावरून गाण्यांपेक्षा मोठं वादळ उठलं. खजिनदारांना वाटलं, आपल्यावर संशय घेतला. त्यांचा हिशेब चोख होता, एक पैसा इकडचा तिकडे नव्हता, हे मी शपथेवर सांगते. या माणसाने ओव्हरटाइमचे पैसे हॉलच्या स्लॅबला दिलेत. पण इतकी वर्षं कुणी काही विचारलं नाही, यालाच ते मान समजत आले होते. मला त्यांचं दुःख कळतं. तरीही माझं म्हणणं तेच राहील: देवाच्या घरचा पैसा फळ्यावर लिहायचा असतो. त्या सणात राबलेल्या मुलांपैकी नोकरीसाठी बाहेर गेलेली सोडली तर बहुतेक सगळी आजही आमच्यात आहेत. एक मुलगी तर आता पास्टरेट कमिटीवर, म्हणजे मंडळीच्या कारभारी समितीवर आहे.

आता गाणी. जुनी मंडळी ज्या भजनांसाठी भांडतात, त्यातली कितीतरी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची आहेत. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. त्याआधी आपल्या उपासनेत इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीतं भरपूर होती. अभंगाची चाल आणि टाळ-मृदंग हे त्या काळी उपासनेत तसं नवंच होतं. आणि १९१७ मध्ये, साठीकडे झुकताना, त्याच टिळकांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा स्वतंत्र मेळा काढला. त्यांच्या नावाने तरुणांना गप्प बसवणं मला पटत नाही. तसंच पोरांनीही ती भजनं न ऐकताच जुनाट म्हणू नयेत. आमच्याकडे एक आजोबा शनिवारी संध्याकाळी चाली शिकवतात आणि गीतांचे शब्द पडद्यावर मोठ्या अक्षरात येतात. याहून चांगला तोडगा मला सापडलेला नाही.

‘अनुभव नसताना अधिकार कसा द्यायचा?’ हे वाक्य तुम्हालाही ऐकवतील. तरुण म्हणून कुणी तुला कमी लेखू नये, असं प्रेषित पौलाने आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला लिहिलं तेव्हा तीमथ्य खुर्च्या लावत नव्हता, इफिसची मंडळी सांभाळत होता. कमिटीत निदान दोन जागा पस्तिशीच्या आतल्यांना द्या, निमंत्रित म्हणून नाही, मताच्या अधिकारासह. आणि एका तरी उपक्रमाचा पैसा पूर्णपणे त्यांच्याकडे सोपवा.

हे आमच्या मंडळीपुरतं सांगितलं. तुमचं चर्च सी.एन.आय.सारख्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मोठ्या संघटनेत असेल तर निवडणूक, मतदारयादी, खात्यावरच्या सह्या हे सगळं घटनेप्रमाणे चालतं, तेव्हा आधी पाळकांना विश्वासात घ्या. पाळकांची बदली जवळ आली असेल तर नवे येईपर्यंत थांबा, अर्धवट ठराव नव्या माणसाच्या गळ्यात पडतो. आणि जी मुलं शिकवणुकीतल्या फरकामुळे, म्हणजे बाप्तिस्म्याच्या किंवा प्रार्थनेत आत्म्याच्या प्रेरणेने अन्य भाषा बोलण्याच्या प्रश्नावरून गेलीत, त्यांच्यासाठी यातलं काही उपयोगाचं नाही. त्यांच्याशी पाळकांनीच बसून बोलावं लागेल.

बाकीच्यांकडे पंचांना पाठवू नका. त्यांच्याच वयाचं कुणीतरी जाऊ द्या, आणि जाताना येत्या हंगामाच्या सणाची कोरी वही घेऊन जाऊ द्या.