हात गुंतलेले आणि फोन वाजतोय

या वेळच्या टपालात फोनच्या तक्रारींचीच पत्रं जास्त आहेत. मी स्वतः चोवीस वर्षं लोकांच्या घरी जाऊन फिजिओथेरपी देते, कुणाच्या पगारावर नाही. त्यामुळे यातला प्रत्येक प्रश्न मलाही कधी ना कधी पडलेला आहे. पाच पत्रं निवडली आहेत. नावं-गावं काढून टाकली आहेत.

ताई, मी इलेक्ट्रिशियन आहे. एकटाच काम करतो, हाताखाली कुणी नाही. कामावर असताना दिवसाला पंधरा-वीस फोन येतात. उचलला नाही तर समोरचा लगेच दुसऱ्या कुणाला तरी लावतो. उचलला तर ज्यांच्या घरी काम चालू आहे त्यांच्या कपाळाला आठ्या. मागच्या महिन्यात एका गिऱ्हाइकाने तोंडावर सांगितलं, “आधी बोलून घ्या, मग बोर्ड उघडा.” मी करायचं तरी काय?

दादा, ते गिऱ्हाईक रागाने बोललं असेल, पण तुमच्या भल्याचंच बोललं. उघडा बोर्ड, एका हातात टेस्टर आणि खांदा-कानाच्या मध्ये फोन, हे चित्र मला पत्र वाचतानाच नको झालं.

माझी गोष्ट सांगते. पक्षाघातानंतर पुन्हा उभं राहायला शिकणारे एक आजोबा माझे पेशंट होते. त्यांचा एक हात खुर्चीच्या पाठीवर, आणि शेजारी मी, त्यांच्या कमरेचा पट्टा धरून. सेकंद मोजायला टायमर लावला होता तो फोनवरच. अकराव्या सेकंदाला त्याच फोनवर कॉल आला. मी तो उचलला नाही. फक्त कुणाचा आहे ते वाचलं. तेवढ्यात पट्ट्यावरची माझी मूठ सैल झाली आणि आजोबा डावीकडे कलले. पडले नाहीत, खांदा भिंतीला टेकला म्हणून वाचले. पुढच्या तीन व्हिजिटना माझा हात धरायच्या आधी ते म्हणायचे, “तो आधी लांब ठेवा, मग मी उठतो.” मी हातात धरायचं साधं स्टॉपवॉच विकत घेतलं. आजही तेच वापरते.

हे सांगायचं कारण असं, की “मी उचलत नाही, फक्त बघतो” हा बचाव आपण सगळेच करतो आणि तो लंगडा आहे. बघण्यातच लक्ष गेलेलं असतं. सोफी लेरॉय नावाच्या संशोधक बाईंनी २००९ मध्ये यावर शोधनिबंध लिहिला होता. एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं, की मनाचा काही भाग पहिल्या कामातच अडकून राहतो, असं त्यांना दिसलं. तुमच्याबाबतीत हे दुहेरी होतं. फोनवर पंख्याची तक्रार ऐकताना डोक्यात बोर्ड असतो, आणि फोन ठेवून बोर्डाकडे वळलात की डोक्यात पंखा.

आता धंद्याचं. फोन करणाऱ्याला त्या क्षणी तुमचा आवाज नको असतो, त्याला वेळ हवी असते. हा माणूस कधी बोलेल आणि कधी येईल, एवढंच. ती वेळ तुमच्या वतीने फोनच सांगू शकतो. कॉल कापताना तयार मेसेज पाठवायची सोय बहुतेक फोनमध्ये असते आणि त्यातली वाक्यं बदलता येतात. ती बदलाच. मुळातली वाक्यं आपल्या कामाची नसतात. अँड्रॉइडवर एक वाक्य साधारण “आत्ता बोलता येत नाही, काय काम आहे?” अशा अर्थाचं असतं, म्हणजे गप्पांना आमंत्रण. आयफोनवर एक “मी निघालोय” अशा अर्थाचं असतं. माझ्या ओळखीच्या एका प्लंबरने घाईत तेच दाबलं आणि पलीकडच्या बाई दुपारभर दार उघडं ठेवून बसल्या.

मी असं लिहिलंय: “कामात आहे. ४.१५ ला फोन करते. काम लिहून ठेवा.” सकाळी घरातून निघताना त्यातली वेळ तेवढी बदलते. मेसेज छोटा ठेवण्यामागे एक बारीक कारणही आहे. इंग्रजी लिपीतल्या एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, पण देवनागरी आली की मर्यादा ७० वर येते आणि त्यात काना-मात्राही मोजल्या जातात. त्यापुढे गेलात तर एकाचे दोन एसएमएस होतात.

व्हॉट्सॲप बिझनेस वापरत असाल तर त्यात आपोआप जाणारा अवे मेसेज ठेवता येतो. तुमच्या धंद्यात मी त्यात एक ओळ जरूर घालीन: “जळका वास किंवा ठिणग्या असतील तर बोर्डाला हात लावू नका, मेन स्विचपर्यंत सुरक्षित पोहोचता येत असेल तर तो बंद करा आणि मला पुन्हा फोन करा.” पंधरा-वीस फोनांत खरी तातडी एखाद-दुसऱ्याचीच असते. ती अशी वेगळी निघते.

घरात कुणी फोन घेणारं असेल तर “उत्तर न मिळाल्यास” या पर्यायाखाली कॉल त्यांच्या नंबरवर वळवा. फक्त त्यांनी काय विचारायचं ते ठरवून द्या: नाव, पत्ता, काय बिघडलंय. दर सांगायचा नाही, वेळ कबूल करायची नाही. माझ्या बहिणीने एकदा प्रेमापोटी एकाच संध्याकाळी सहाच्या तीन वेळा कबूल केल्या होत्या. तेव्हापासून तिच्याकडे वही आहे आणि अधिकार काही नाहीत.

आणखी एक. माझी व्हिजिट पाऊण तासाची असते, तुमचं काम चार तास चालतं. चार तास गप्प राहा असं मी म्हणणार नाही. दारात शिरल्या शिरल्या सांगून टाका: “फोन बॅगेत ठेवतोय. मध्ये एकदा बाहेर जाऊन बघून येईन.” मग अवजारं खाली ठेवून जिन्यात जा, दोन-तीन फोन लावा, परत या. आधी सांगून घेतलेल्या पाच मिनिटांचा राग लोकांना येत नाही. त्यांच्या स्वयंपाकघरात उभं राहून, त्यांच्यासमोर तिसऱ्याशी भाव ठरवलात की येतो. तासावर पैसे घेत असाल तर ती मिनिटं बिलातून वजा करा. कामावर घेत असाल तर प्रश्न नाही.

एवढं करूनही काही फोन हातचे जातील. माझेही गेले. तो तोटा भरून निघतोच, असं मी तुम्हाला सांगणार नाही.

ताई, मी मेकअप करते. घरोघरी जाते. माझ्या सहा वर्षांच्या मुलाला दमा आहे, शाळेतून कधीही फोन येऊ शकतो. फोन बंद ठेवणं मला शक्यच नाही. क्लायंटला हे उद्धट वाटत असेल का?

नाही वाटणार, फक्त तिला ते तुमच्या तोंडून आधी कळू द्या. पिशवी उघडायच्या आधी एक वाक्य: “मुलाच्या शाळेचा फोन आला तर मला घ्यावा लागेल, बाकी कुणाचा घेणार नाही.” मुलाच्या आजाराची सगळी हकीकत सांगायची गरज नाही. तुम्ही सांगितलीत तर पुढचा अर्धा तास ती तुम्हाला दम्यावरचे उपाय सांगेल.

मग दुसरं वाक्य खरं करून दाखवा. “डू नॉट डिस्टर्ब” लावा आणि मोजक्या नंबरांना सूट द्या. शाळेचा एकच नंबर नसतो. ऑफिसचा, वर्गशिक्षिकेचा, बसच्या ताईंचा, सगळे सेव्ह करा, कारण सूट सेव्ह केलेल्या नंबरलाच देता येते. लागोपाठ दोनदा आलेला कॉल वाजू द्यायचा, अशीही एक सोय असते. आयफोनवर त्याच माणसाचा दुसरा कॉल तीन मिनिटांत आला तर वाजतो, अँड्रॉइडवर पंधरा मिनिटांत आला तर. ऐकायला छान वाटतं. पण लागोपाठ दोनदा फोन कोण करतं? शाळा नव्हे, उतावळी गिऱ्हाइकं करतात. मी ती सोय बंद ठेवलीय. तुम्ही मात्र शाळेला आधी विचारून घ्या. एखादा अनोळखी नंबर त्यांच्याकडून येण्याची शक्यता असेल तर तुमच्यासाठी ती चालू ठेवलेलीच बरी. सगळं लावून झालं की शेजारणीच्या फोनवरून एकदा स्वतःला कॉल करून बघा. आणि शाळेकडे दुसरा एक नंबर देऊन ठेवा, जो माणूस तुमच्याआधी पोहोचू शकेल.

फोन आलाच तर “शाळेचा आहे” म्हणायचं, बाजूला जायचं, बोलायचं. परत आल्यावर एकदाच माफी. आणि हात धुवायचे. फोनला लागलेला हात तसाच कुणाच्या पापणीला लावायचा नाही. पेशंटला हात लावणाऱ्या आम्हा लोकांच्या हे अंगवळणी पडलेलं असतं, मेकअपवाल्या मैत्रिणींच्या हातून मात्र सुटताना पाहिलंय.

स्मार्टवॉचवर फोनची सूचना घ्यावी का, हेही तुम्ही विचारलंय. घ्या, पण शाळेपुरतीच. मनगटाकडे पाहणाऱ्या माणसाला निघायची घाई झालीय, हा अर्थ घड्याळं स्मार्ट व्हायच्या कितीतरी आधीपासून लावला जातो.

ताई, केस कापायला बसलेली क्लायंटच फोनवर बोलत राहते. मी कात्री धरून उभी. तिला काही बोलता येत नाही.

बोलता येतं. फोनकडे झुकलेल्या मानेवर कापलेले केस मान सरळ झाली की एका बाजूला लांब दिसतात, आणि तेव्हा दोष कात्रीचा निघतो. हात थांबवा, कात्री खाली ठेवा, दोन पावलं मागे व्हा. तोंडाने काही बोलू नका. बहुतेकजणी आरशात बघून समजतात. ज्या समजत नाहीत त्यांना सांगा, “बोलून घ्या, मी थांबते. पण पुढची अपॉइंटमेंट साडेपाचची आहे, तेव्हा मला काम तिथेच आटोपावं लागेल.” नंतरच्या क्लायंटला ताटकळत ठेवून हिचा वेळ भरून देऊ नका.

ताई, मी घरांच्या अंतर्गत सजावटीचं काम करतो. माझी मापं, फोटो, नोंदी, सगळं फोनवरच. क्लायंटला वाटतं मी मेसेज बघतोय. एकांनी तसं बोलूनही दाखवलं.

त्यांची बाजू घ्या पाहू क्षणभर. त्यांना तुमच्या फोनची पाठ दिसते आणि तुमचं खाली घातलेलं डोकं. म्हणून करताय ते बोलत चला: “खिडकीचं माप लिहून घेतोय.” “या कोपऱ्याचा फोटो काढू का?” फोटोला तर विचारायलाच हवं, घर त्यांचं आहे. स्क्रीन अधूनमधून त्यांच्याकडे वळवा. मापाच्या नोंदी कागदावर करता आल्या तर आणखी बरं. तुम्ही हसाल, पण कागदावर लिहिणाऱ्या माणसावर कुणी संशय घेत नाही.

आणि आत शिरायच्या आधी विमान मोड. फोटो, नोंदी त्यातही चालतात. ब्लूटूथ लागत असेल तर ते नंतर वेगळं सुरू करता येतं.

तुमच्या पत्रात नाही, पण मला यात सगळ्यात जास्त काळजी वाटते ती लॉक स्क्रीनवर झळकणाऱ्या मेसेजची. एकदा माझा फोन पेशंटच्या पलंगावर उताणा पडला होता. दुसऱ्या एका पेशंटचा मेसेज आला, नावासकट, एमआरआयमध्ये काय निघालं ते. पलंगावरच्या बाईंनी वाचला आणि सहज विचारलं, “यांनाही मणक्याचंच का?” मला काय उत्तर द्यावं सुचेना. त्या घरी माझी अब्रू गेली नाही, पण त्या दुसऱ्या माणसाची खासगी गोष्ट मात्र गेली. सेटिंगमध्ये जाऊन लॉक स्क्रीनवरचा मजकूर लपवा. तुमच्या बाबतीत तो एखाद्या क्लायंटच्या घराचा खर्च असू शकतो.

ताई, मला कामं एका कंपनीकडून मिळतात. कंत्राटावर “स्वतंत्र व्यावसायिक” असं लिहिलंय. पण त्यांचा फोन भेटीच्या मध्येही लगेच उचलायचा, असा त्यांचा हट्ट. क्लायंट मला नावं ठेवतो, कंपनीला नाही.

कंत्राट पुन्हा वाचा. फोनबद्दलची अट त्यात लिहिलेली आहे की कुणी तोंडी सांगितलीय, हे आधी बघा. काम कसं आणि केव्हा करायचं यावर कुणाचं नियंत्रण आहे, ही “स्वतंत्र” कोण हे ठरवतानाची अनेक देशांतली एक मोठी कसोटी असते. त्यामुळे हा हट्ट लेखी मागितलात की पुष्कळदा तो मऊ होतो. भांडू नका, पर्याय लिहून पाठवा: “भेट सुरू होताना आणि संपताना मेसेज करीन. मधल्या वेळेत तातडीचं असेल तर मेसेजमध्ये ‘तातडी’ लिहा, भेट संपताच पहिला फोन तुम्हाला.” त्यांना बहुधा तुम्ही पोहोचलात की नाही एवढंच हवं असतं. हेही नाकारलं तर क्लायंटला दारातच सांगून ठेवा की कंपनीचा फोन घ्यावा लागतो. तो नियम तुमचा नाही, तर त्याचं ओझं तुमच्या एकट्याच्या डोक्यावर कशाला?

जाता जाता: दोघांनी एकाच ओळीचं पत्र पाठवलंय, “व्हायब्रेटवर ठेवला तर चालतो ना?” लाकडी टेबलावर ठेवा, शेजारच्या खोलीत जाऊन बसा आणि कुणाला तरी फोन लावायला सांगा.