वाचकांचे प्रश्न : लॉ कोर्स बंद होतोय, आता काय करू?

प्रश्न : मॅडम, मी मराठवाड्यातल्या एका लहान कॉलेजात पाच वर्षांच्या बीए एलएलबीला आहे, सेकंड इयर संपत आलंय. कॉलेजने नोटीस लावली की यावर्षीपासून फर्स्ट इयरला ॲडमिशन नाही, कोर्स टप्प्याटप्प्याने बंद करणार. अर्धी बॅच टीसी काढायला निघालीये. एक एजंट घरी येऊन बाबांना सांगून गेला की थर्ड इयर झालं की बीएची डिग्री मिळवून देतो आणि दुसऱ्या कॉलेजात तीन वर्षांच्या एलएलबीला डायरेक्ट सेकंड इयरला बसवतो, फक्त पैसे आत्ता भरा. घरचे घाबरलेत. काय करू?

उत्तर : अगं, सगळ्यात आधी बाबांना सांग की त्या माणसाला एक रुपया द्यायचा नाही. वकिलीच्या शिक्षणावर देखरेख करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाचे २००८ चे लीगल एज्युकेशनचे नियम आहेत, त्यातला १३ वा नियम अगदी स्पष्ट आहे, पाच वर्षांच्या कोर्समधून मधेच बीए घेऊन बाहेर पडता येत नाही आणि ग्रॅज्युएट आहे म्हणून कुणाला मधल्या वर्षात घुसताही येत नाही. तो जे विकतोय त्यातल्या दोन्ही गोष्टी नियमातच बसत नाहीत. आणि समजा कुठून तरी कागद आणून दिलाच, तरी सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, काढायला गेलीस की बार कौन्सिल सगळ्या मार्कशीट बघते, तिथे अडकलीस तर पैसेही गेले आणि वर्षंही गेली.

आता हिशोब कर. आत्ता सोडलंस तर हातात बारावीच राहते. नव्याने ग्रॅज्युएशन तीन वर्षं, मग एलएलबी तीन वर्षं, म्हणजे सहा. आहेस तिथे तीनच उरलीत. म्हणून घाईने टीसी काढू नकोस असं मी अगदी कळकळीने सांगतेय, कारण एकदा टीसी काढली आणि पुढच्या कॉलेजने सीट नाही म्हटलं की मुलं ना इकडची राहतात ना तिकडची.

टप्प्याटप्प्याने बंद याचा अर्थच असा की आधी फर्स्ट इयर बंद, पुढच्या वर्षी सेकंड, असं करत वर जायचं, आत घेतलेली मुलं पास होऊन बाहेर पडेपर्यंत वर्ग चालवायचे. महाराष्ट्रात कॉलेजला मनाला येईल तेव्हा कुलूप लावता येत नाही, सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ मध्ये त्याची पद्धत दिलेली आहे आणि विद्यापीठाला मधे घ्यावंच लागतं. शिवाय तुझी डिग्री देणार विद्यापीठ, कॉलेज नाही, हे घरच्यांना नीट समजावून सांग, त्यांची अर्धी भीती तिथेच जाईल.

पण म्हणून नुसतं बसून राहायचं नाही. तुम्ही सगळ्यांनी मिळून प्रिन्सिपलना लेखी अर्ज द्या, विद्यापीठाने बंद करायला परवानगी दिलीय का त्या पत्राची कॉपी मागा, तुमच्या बॅचच्या शेवटच्या सेमपर्यंत बार कौन्सिलची मान्यता कशी राहणार ते लेखी मागा, आणि अर्जाच्या दुसऱ्या कॉपीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसमधून हलू नका. तोंडी "होईल हो सगळं" याला काही अर्थ नसतो. उत्तर आलं नाही तर तीच कॉपी जोडून विद्यापीठाच्या कुलसचिवांकडे अर्ज करायचा.

वर्ग खरोखरच होत नसतील, शिकवायला माणूसच नसेल, तर बदली घ्यावी असंच माझं मत आहे. ती शक्यतो त्याच विद्यापीठाच्या दुसऱ्या कॉलेजात घे, सिलॅबस एकच असतो, दोन्ही कॉलेजची एनओसी आणि विद्यापीठाची परवानगी लागते. विद्यापीठ बदललंस तर मायग्रेशन, एलिजिबिलिटी आणि समकक्षता (जुने विषय नव्या विषयांशी जुळतात का ते), खरी डोकेदुखी इथे असते. कुणाकडे कॉन्ट्रॅक्टचा विषय पहिल्या वर्षात तर कुणाकडे तिसऱ्या, मग एक विषय दोनदा आणि एक अजिबातच नाही असं होतं. त्यामुळे सेमवार विषयांचा तक्ता शेजारी शेजारी ठेवून बघ आणि मगच ठरव. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर स्कॉलरशिपचा फॉर्म भरत असशील तर कॉलेज बदलल्यावर स्कॉलरशिप चालू राहील का तेही आधीच विचार. आणि ओरिजिनल कागदपत्रं कॉलेज देत नसेल तर ऐकून घेऊ नको, ती अडवून ठेवायची नाहीत असं विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०१८ मध्येच सांगितलंय.

प्रश्न : मी तीन वर्षांच्या एलएलबीचा, आयपीसीचा (जुन्या भारतीय दंड संहितेचा) पेपर राहिलाय आणि आता कॉलेजात भारतीय न्याय संहिता शिकवतात. जुना पेपर होणार की नवा? आणि सनदेला वीसेक हजार लागतात म्हणे, खरं का?

उत्तर : न्याय संहितेसह नवे तीन फौजदारी कायदे १ जुलै २०२४ पासून आले आणि सिलॅबस बदलले. जुन्या पॅटर्नच्या मुलांना सहसा ठरावीक परीक्षांपर्यंत जुना पेपर देता येतो, नंतर समकक्ष नवा विषय द्यावा लागतो, त्याचं परिपत्रक विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे मिळेल, फॉर्म भरायच्या आधी बघा, विषयाचा कोड चुकला तर निस्तरताना नाकी नऊ येतात. जुनं वाचलेलं वाया जात नाही, १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या गुन्ह्यांना आयपीसीच लागू आहे, त्या केसेस अजून कितीतरी वर्षं चालणार. तेव्हा खुनाला आयपीसीचं कलम ३०२ आणि न्याय संहितेचं १०३, फसवणुकीला ४२० आणि ३१८, अशा जोड्या लावून वाचा, कोर्टात दोन्ही लागतील.

सनदेचं म्हणाल तर आधी खरंच बरेच पैसे घ्यायचे. पण सुप्रीम कोर्टाने ३० जुलै २०२४ ला निकाल दिला की नोंदणीला एससी-एसटीकडून १२५ आणि बाकी सगळ्यांकडून ७५० रुपयांच्या वर फी घेता येणार नाही, स्टॅम्प ड्युटी असेल ती वेगळी. एआयबीई, म्हणजे वकिलांच्या ऑल इंडिया बार परीक्षेची फीसुद्धा वेगळी असते, ती यात धरू नका. यापेक्षा जास्त कुणी मागितले तर कशाचे ते लेखी मागा आणि पावतीशिवाय देऊ नका.