जान्हवी की यानहावी?

भाऊ, आधी अभिनंदन. पुढच्या रविवारी चोपड्याला बारसं, दोन महिन्यांनी तुम्ही तिघं म्युनिकला, मकर राशीचं 'जा' अक्षर निघालंय आणि घरात 'जान्हवी' जवळजवळ पक्कं झालंय. जर्मन लोक या नावाचं काय करतील, असं तू विचारलंस. मी अकरा वर्षं स्टुटगार्टला आहे, पोरगी इथल्याच शाळेत जाते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

यानहावी करतील. 'जे' हे अक्षर ते 'य' वाचतात. 'व्ही'चा कधी 'फ' होतो, कधी 'व', त्यामुळे एखादा यानहाफीही म्हणेल. 'डब्ल्यू' मात्र कायम 'व'. 'एस'पुढे स्वर आला की इंग्रजी 'झेड'सारखा 'झ' ऐकू येतो, आणि 'ए'नंतरच्या 'सीएच'चा घशातला 'ख'. म्हणजे साची नाव ठेवलंस तर झाखी.

आमची ओजस्वी पाळणाघरात पहिल्याच दिवशी ओयास्वी झाली. आठवडाभर मी तिथल्या बाईंना सुधारत होतो. मग सुट्टीत पारोळ्याला गेलो. आजी ओटीवर बसून पोरीला केयं सोलून भरवत होती आणि "डोया पूस" म्हणत होती. जळगावचं जयगाव करणारी माणसं आपण. 'ळ'चा 'य' आपल्याला चालतो, तर त्या बाईंच्या 'ज'च्या 'य'ने माझं काय बिघडत होतं? परत आल्यावर सुधारणं बंद केलं. पुढे शाळेत ओजस्वीनेच मैत्रिणींना नीट म्हणायला शिकवलं. आता 'ओयास्वी' हाक आली की कोणीतरी मोठं माणूस बोलावतंय, एवढं तिला कळतं.

उच्चार चुकला तर चुकू दे, अर्थ आडवा जायला नको. आर्यन, आर्या ही नावं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत, पण जर्मनीत 'आर्य' म्हटलं की हिटलरचा वंशवाद आठवतो. ऐकणारा क्षणभर गप्प होतो. हार्दिकमधला 'डिक' म्हणजे त्यांच्या भाषेत जाडा. मुलं चिडवायला असंच काही शोधत असतात. जान्हवीत असलं काही नाही. खुशाल ठेव.

माझा जीव खरा गेला तो कागदांत. आपण नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सलग लिहितो. पासपोर्टवर रकाने दोनच, आडनाव आणि दिलेलं नाव. पहिल्या पासपोर्टच्या वेळी मी दिलेल्या नावात स्वतःचंही नाव घातलं, सवयीने. इथे आल्यावर सगळ्या नोंदींत ते पोरीचं दुसरं नाव म्हणून बसलं. बालरोगतज्ज्ञाकडे तपासण्यांची पिवळी वही घेऊन बसलो होतो, आतून पोरीची हाक म्हणून माझंच नाव आलं आणि मीच उठून उभा राहिलो! वडिलांचं नाव पासपोर्टच्या अर्जात वेगळं विचारतातच, तेव्हा पोरीच्या नावात घुसवू नकोस.

जन्मदाखल्यावरही तसंच. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. दाखल्यात नाव घालायला बारा महिने फी लागत नाही, पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. पण तुला पासपोर्ट लगेच काढायचाय, त्यामुळे बारशानंतर थांबू नको. आणि स्पेलिंग एकच. जान्हवीत 'एन' आधी की 'एच' आधी, हे आजच ठरव आणि दाखला, पासपोर्ट, व्हिसा सगळीकडे तेच लिही. जर्मन उच्चार जमावा म्हणून 'ज'साठी त्यांची 'डीएससीएच' अशी चार अक्षरं कोंबू नकोस. उद्या लंडनला नोकरी लागली तर तिथे कोणाला वाचता येणार नाही.

आडनाव पाटील, ते उत्तम. इथे दारावरच्या घंटीवर आणि पत्रपेटीवर फ्लॅट नंबर नसतो, आडनाव असतं, आणि पाटील सगळ्यांना वाचता येतं.

घरच्यांना 'जा'चा आग्रह असेल आणि तुला 'य' नकोच असेल, तर जुनी सोय आहेच: पत्रिकेत जान्हवी, कागदावर मुक्ता. मुक्ताईनगर तुमच्याच जिल्ह्यात, आणि 'मुक्ता' जर्मन माणूस पहिल्या फटक्यात बरोबर म्हणतो. पण मला विचारशील तर आत्याला कानात जान्हवीच म्हणू दे. नोंदणीचा फॉर्म मात्र स्वतः भर, ओळखीच्या माणसावर सोडू नको.