प्रशिक्षणासाठी बाहेरगावी जायचंय, टीए (प्रवासभत्ता) बिलासाठी काय काय जपून ठेवावं?

तुम्ही केंद्र सरकारच्या कार्यालयात लेव्हल ५ ला (म्हणजे पाचव्या वेतनस्तरावर) आहात, हैदराबादला दोन आठवड्यांचं प्रशिक्षण आहे, आणि टीए बिलाला कोणते कागद लागतील असं विचारलंय. मी लेखा शाखेत हीच बिलं तपासतो. कागद लागतातच, पण त्याआधी प्रशिक्षणाचा आदेश नीट वाचा. बिलं बहुतेक तिथेच अडकतात.

खर्च कोण देणार, तुमचं कार्यालय की संस्था? हॉस्टेल आहे का? जेवण फुकट की पैसे भरून? यातलं काही मोघम असेल तर संस्थेकडून आत्ताच लेखी घ्या. ‘फोनवर सांगितलं होतं’ हे बिलाला जोडता येत नाही! संस्था जेवण फुकट देत असेल तर त्या दिवसांचा पूर्ण भोजनभत्ता मागू नका, आक्षेप येणारच. पैसे भरावे लागले तर पावती घ्या. हॉस्टेल भरलंय म्हणून बाहेर राहायची वेळ आली, तर जागा नसल्याचं पत्र संस्थेकडून आधी मिळवा.

लेव्हल ५ ला रेल्वेत थर्ड एसीचा हक्क आहे. तत्काळचे जादा पैसेही प्रशिक्षणाच्या प्रवासात मिळतात, हे पुष्कळांना माहीत नसतं आणि ते मागतच नाहीत. विमानाचा हक्क मात्र लेव्हल ६ पासून.

दर अर्थ मंत्रालयाच्या १३ जुलै २०१७ च्या आदेशातले: तुमच्या लेव्हलला हॉटेलसाठी रोज ४५० रुपयांपर्यंत, शहरातल्या प्रवासाला ११३, जेवणाला ५००. जेवणाचा भत्ता मुख्यालयाबाहेर (नेमणुकीच्या गावाबाहेर) किती तास होतात त्यावर ठरतो: ६ तासांच्या आत ३० टक्के, ६ ते १२ तासांत ७० टक्के, त्यापुढे पूर्ण. हा हिशोब मध्यरात्र ते मध्यरात्र असतो, म्हणून गाडी सुटल्याची आणि पोचल्याची खरी वेळ लिहून ठेवा. ‘सकाळी निघालो’ एवढ्यावर भत्ता काढता येत नाही. आणि हो, महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेला की हे दर २५ टक्क्यांनी वाढतात अशी तरतूद त्याच आदेशात आहे. जानेवारी २०२४ मध्ये तो टप्पा गाठला, तेव्हा बिल भरताना चालू दरच लावा.

लेव्हल ८ पर्यंत हॉटेलचं बिल न जोडता स्वतःच्या प्रमाणपत्रावर पैसे मिळतात, फक्त कुठे आणि किती दिवस राहिलात ते लिहावं लागतं. हैदराबाद एक्स वर्गातलं, म्हणजे सर्वांत मोठ्या शहरांच्या वर्गातलं, शहर आहे. तिथे मूळ आदेशाप्रमाणे १००० रुपयांपर्यंत मिळू शकतात, पण ते बिल जोडलं तरच. म्हणून बिल घ्याच.

मुदतीत मात्र कुणी हयगय करू नये. पूर्वी वर्षभर वेळ असायचा. मार्च २०१८ पासून प्रवास संपल्यावर ६० दिवसांत बिल द्यावं लागतं. अग्रिम (प्रवासाआधी मिळणारी उचल) घेतला असेल तर परतल्यावर १५ दिवसांतच, नाहीतर दंडव्याज बसू शकतं. माझं मत विचाराल तर एवढ्या प्रवासाला अग्रिम घ्याच, उगाच पगारातून खर्च करून मग वाट पाहत बसू नका.

संस्थेचं कार्यमुक्तीचं पत्र आणि उपस्थिती प्रमाणपत्र शेवटच्या दिवशी हातोहात घ्या. नंतर पोस्टाने मागवायला गेलात तर त्या ६० दिवसांतले बरेचसे त्यातच जातात.