बॅलाड की नॉक्टर्न? पियानोच्या ऑडिशनला निघालेल्यांचे प्रश्न

प्रश्न : ताई, मी 17 वर्षांची आहे. पुढच्या वर्षी विद्यापीठात पियानो हाच मुख्य विषय घ्यायचं ठरवलं आहे. बाखच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लाविअर’च्या पहिल्या खंडातला सी मायनर प्रेल्यूड आणि फ्यूग, बीथोव्हेनच्या ओपस (रचनांचा क्रमांकित संच) 31 मधल्या दुसऱ्या सोनाटाची पहिली मूव्हमेंट आणि शोपाँचा ओपस 10 मधला तिसरा एट्यूड (तंत्राच्या सरावाची रचना) एवढं तयार आहे. गाडी अडली आहे ती रोमँटिक रचनेपाशी. मला शोपाँची पहिली बॅलाड, ती लांब, कथेसारखी रचना, वाजवायची आहे, पण तिचा कोडा, म्हणजे अगदी शेवटचा भाग, कधी जमतो, कधी विस्कटतो. माझे सर म्हणतात, ओपस 48 मधलं पहिलं नॉक्टर्न, म्हणजे रात्रीच्या भावाची रचना, घे. बाकी सगळे बॅलाड वाजवत असताना मी नॉक्टर्न वाजवलं तर परीक्षकांना मी कच्ची वाटेन का? सुरुवात कशाने करू? आणि वाजवता वाजवता विसरले तर?
– पियानोची एक विद्यार्थिनी

उत्तर : तुझ्या सरांचं ऐक. ते सांगतात म्हणून नव्हे, त्यांनी सुचवलेली रचना खरोखर मोठी आहे म्हणून.

समोर बसलेली माणसं कोण असतात हे आधी लक्षात घे. बहुतेक ठिकाणी ते त्याच विभागात शिकवणारे शिक्षक असतात आणि त्यांच्यापैकीच कोणीतरी पुढची तीन-चार वर्षं दर आठवड्याला तुझ्याशेजारी बसणार असतं. मीही अशा टेबलामागे बरीच वर्षं बसले आहे. तिथे आमच्या मनात एकच प्रश्न घोळत असतो, या मुलीला शिकवता येईल का? स्वतः काय वाजवते आहे ते तिला ऐकू येतं का? एखादी ओळ तिने तशीच का वाजवली, याचं उत्तर तिच्याकडे आहे का? किती अवघड रचना आणली, हा मुद्दा बराच मागे असतो.

आता बॅलाडकडे बघ. पूर्ण वाजवली तर नऊ-दहा मिनिटं जातात. ऑडिशन अनेकदा 15 मिनिटांची असते, त्यामुळे ती पूर्ण ऐकली जाईल याची खात्री नाही. परीक्षक थेट म्हणू शकतात, ‘कोडापासून वाजवा.’ त्या कोडावर शोपाँने ‘प्रेस्टो कॉन फुओको’ (अतिशय जलद, आगीच्या आवेशाने) लिहून ठेवलं आहे. हात गरम नसताना, परक्या पियानोवर, आधीच्या पानांची चढण न घेता थेट तिथून सुरुवात करून बघ. घरी कधी जमणारा आणि कधी विस्कटणारा कोडा तिथे विस्कटेल असंच धरून चाल. आणखी दोन वर्षांनी बॅलाड वाजव, खुशाल वाजव. ती कुठे पळून जात नाही.

ते सी मायनर नॉक्टर्न मात्र ‘नॉक्टर्न’ या नावामुळे हलकं समजू नकोस. सहा-एक मिनिटांत ते तुझी चार निरनिराळी कामं तपासतं. सुरुवातीला डावा हात खालच्या बासवरून वरच्या कॉर्डवर उड्या घेतो आणि तरीही वरची गाणारी ओळ हलता कामा नये. मग सी मेजरमधला तो संथ भाग येतो, हळू आवाजात, पसरलेल्या कॉर्डचा. तिथे प्रत्येक कॉर्डमधला वरचा सूर वेगळा काढता येतो का ते कळतं. त्यातूनच ऑक्टेव्हची लाट उठते. आणि शेवटी मूळ सुरावट दुप्पट गतीने, पण दबलेल्या आवाजात परत येते. खाली कॉर्ड सारखे धडधडत असतात आणि सूर त्यांच्यावरून न दमता गायचा असतो. हे शेवटचं पान ज्याला शांतपणे, न ओरडता वाजवता येतं, त्याला कच्चा म्हणणारा परीक्षक मी पाहिलेला नाही.

एक गोष्ट मात्र तपास. काही संस्थांच्या नियमात ‘मोठी रोमँटिक रचना’ असं लिहिलेलं असतं आणि एकटं नॉक्टर्न त्यात बसेल की नाही हे प्रत्येक जागी वेगळं ठरतं. प्रवेश विभागाला दोन ओळींची ई-मेल कर आणि उत्तर लेखी घे.

नियम वाचायचं सांगते आहे, ते तुझ्या एट्यूडसाठीही. ओपस 10 मधला तिसरा एट्यूड अतिशय सुंदर आहे, पण अनेक संस्था शोपाँचे एट्यूड मागताना याच संचातले तिसरा आणि सहावा, आणि ओपस 25 मधला सातवा, असे तीन वगळतात. ते संथ आहेत आणि परीक्षकांना तिथे बोटांची चपळाई ऐकायची असते. बीथोव्हेनच्या बाबतीतही असंच, ओपस 49 चे दोन सोपे सोनाटा बऱ्याच ठिकाणी चालत नाहीत. तुझा सोनाटा कुठेही चालेल. एट्यूड मात्र बहुधा बदलावा लागेल. डावा हात पक्का असेल तर ओपस 10 चा बारावा घे. उजव्याचा भरवसा जास्त असेल तर त्याच संचातला काळ्या पट्ट्यांवरचा पाचवा. हा बदल आजच कर. नवा एट्यूड अंगवळणी पडायला काही महिने लागतात, आणि ब्रिटनमधल्या कॉन्झर्व्हेटरींचे (संगीत महाविद्यालयांचे) अर्ज साधारण ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच बंद होतात. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी 1 डिसेंबर धरतात. तिथल्या प्रत्यक्ष ऑडिशन त्यानंतर जानेवारी ते मार्चमध्ये.

सुरुवात कशाने? पहिली रचना बहुधा तुलाच निवडू देतात, पुढची ते सांगतात. पुष्कळ मुलं बाखने सुरुवात करतात, कारण तो कार्यक्रमाच्या कागदावर पहिला असतो. तुझ्या बाबतीत मला ते पटत नाही. सी मायनर प्रेल्यूड म्हणजे दोन्ही हातांत एकसारखी धावणारी सोळांश सुरांची रांग. पियानोच्या पट्ट्या तुझ्या सवयीपेक्षा जड किंवा हलक्या निघाल्या तर पहिल्याच ओळीत सूर खालीवर होतील आणि सावरायला उसंत मिळणार नाही. तुझ्याकडे बीथोव्हेनचा ‘टेम्पेस्ट’ आहे, म्हणजे तोच ओपस 31 मधला दुसरा सोनाटा. त्याची सुरुवातच लार्गोने, म्हणजे अतिसंथ गतीने, होते, हळुवार, खालून वर उलगडत जाणारा एक कॉर्ड आणि वर थांबा. त्या मोजक्या सुरांत तुला कळतं की पट्टी किती खोल जाते, पेडल कुठे धरतं, खोलीत आवाज किती वेळ रेंगाळतो. तो थांबा पूर्ण घे. घाई करू नकोस. तू ऐकते आहेस हे त्यांना त्याच क्षणी दिसतं. मग जलद अलेग्रोच्या जोडीजोडीने उतरणाऱ्या सुरांत शिर आणि सातव्या बारला (तालाच्या सातव्या घराला) लार्गो परत येईल तेव्हा पियानोची ओळख झालेली असेल. धोका एवढाच की अगदी हळू वाजवायला गेलीस तर अनोळखी पियानोवर एखादा सूर उमटतच नाही. म्हणून पहिला कॉर्ड घरी वाजवतेस त्यापेक्षा किंचित भरीव वाजव.

बसण्याआधी बाकाची उंची नीट लाव, कितीही वेळ लागो. त्या वेळाचे गुण कोणी कापत नाही.

विसरण्याबद्दल. पाठांतर बहुधा बोटांत साठवलेलं असतं आणि घाबरल्यावर सगळ्यात आधी बोटंच दगा देतात. म्हणून प्रत्येक रचनेत पायऱ्या ठरव, जिथून तू केव्हाही, झोपेतून उठवलं तरी सुरू करू शकतेस. तुझ्या फ्यूगचंच उदाहरण घेऊ. फ्यूगमध्ये एकच सुरावट, म्हणजे विषय, आळीपाळीने वेगवेगळ्या आवाजांत येते. इथे तो विषय पहिल्यांदा मधल्या आवाजात येतो, तिसऱ्या बारला वरच्या, सातव्या बारला बासमध्ये, अकराव्याला ई-फ्लॅट मेजरमध्ये. या प्रत्येक जागेपासून रोज सुरुवात कर, कधी शेवटच्या प्रवेशापासून उलटं मागे येत. डावा हात एकटा, आठवणीने, वाजवून बघ. बहुतेकांचं पाठांतर तिथे उघडं पडतं. पियानोपासून दूर बसून, डोळे मिटून, रचना मनात ऐक. जिथे चित्र धूसर होतं तीच तुझी विसरायची जागा.

आणि ऑडिशनमध्ये खरंच घसरलीस तर पुढच्या पायरीवर उडी घे. मागे जाऊ नकोस, माफी मागू नकोस, चेहरा वाकडा करू नकोस. घसरून सावरणाऱ्या विद्यार्थ्याबद्दल आम्ही आपसांत चांगलंच बोलतो, कारण रंगमंचावर हे रोज कोणाच्या तरी बाबतीत घडत असतं.

प्रश्न : मुलाने प्रीस्क्रीनिंगचं (प्रत्यक्ष ऑडिशनआधीच्या छाननीचं) रेकॉर्डिंग फोनवर केलं. खोलीत छान वाजत होतं, पण व्हिडिओत सगळं एकाच आवाजाचं, सपाट ऐकू येतं. त्याच्या वाजवण्यात दोष आहे का? घरी डिजिटल पियानोच आहे. रेकॉर्डिंग त्यावर केलं तर चालेल का?
– एक पालक

उत्तर : दोष बहुधा फोनचा आहे. फोन आवाजाची पातळी आपोआप सारखी करतो. हळू वाजवलेलं वर उचलतो, जोरात वाजवलेलं खाली दाबतो. पियानोवादकाची निम्मी मेहनत तिथेच पुसली जाते. ही सोय बंद करता येत असेल तर करा, नाहीतर आवाजासाठी वेगळा रेकॉर्डर घ्या आणि तो पियानोच्या आत न ठेवता काही पावलं लांब ठेवा. कॅमेरा उजव्या बाजूला, एकाच जागी, हात, चेहरा आणि पट्ट्या एकत्र दिसतील असा. एका रचनेच्या किंवा मूव्हमेंटच्या मध्ये कुठेही कापाकापी चालत नाही, बाहेरून घुमारा घातलेलाही चालत नाही. पियानो आदल्या दिवशी ट्यून करून घ्या. सगळ्या रचना एकाच संध्याकाळी उरकू नका. थकलेला हात रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतो.

डिजिटल पियानोवर रोजचा सराव होतो, पट्ट्या वजनाच्या असतील तर बराच चांगला होतो. रेकॉर्डिंगसाठी मात्र बहुतेक संस्था अकूस्टिक पियानोच मागतात आणि प्रत्यक्ष ऑडिशन ग्रँडवर असते. अर्धं दाबलेलं पेडल, मोठ्या तारांचा रेंगाळणारा बास, हॅमर उसळून परत येण्याची भावना, या गोष्टी हाताला तिथेच कळतात. शेवटच्या महिन्यांत जिथे मिळेल तिथे, शक्य तितक्या वेगवेगळ्या पियानोंवर त्याला वाजवू द्या. वाईट पियानोंवरसुद्धा. शक्य असेल तर त्या संस्थेतल्या ज्या शिक्षकाकडे शिकायचं आहे त्याला आधीच नम्र, छोटी ई-मेल पाठवून एक चाचणी तासही मागा. तासात एखादी सूचना दिल्यावर मुलगा लगेच बदलून वाजवू शकतो का, हे शिक्षकाला कळतं. आणि या माणसाकडे आपल्याला शिकायचं आहे का, हे मुलाला कळतं. नकार आला तरी वाईट वाटून घेऊ नका, कित्येक जण वेळेअभावी असे तास देत नाहीत.

प्रश्न : मला दोन मिनिटांत थांबवलं आणि पुढची रचना सांगितली. साइट-रीडिंगमध्ये (न पाहिलेलं संगीत तिथल्या तिथे वाचून वाजवताना) मी दोनदा अडखळलो. मी नापास झालो का? प्रवेश नाहीच मिळाला तर त्याचा अर्थ काय घ्यायचा?
– निकालाची वाट पाहणारा

उत्तर : थांबवतातच. एका दिवसात कित्येक जणांना ऐकायचं असतं आणि हवं ते कळलं की पुढे जातात. काही वेळा तर पहिल्याच पानाने खात्री पटलेली असते. थांबवण्यावरून निकाल ओळखायला जाऊ नकोस.

साइट-रीडिंगमध्ये चुकीच्या सुरापेक्षा थांबलेली लय जास्त खटकते. पुढच्या वेळी कागद हाती आला की आधी सर्वांत दाट बार शोध आणि तो झेपेल अशीच गती धर. अडलास तर वरचे सूर सोड, बास आणि ठेका सोडू नकोस. यासाठी वेगळा सराव लागतो : रोज काहीतरी न पाहिलेलं वाजव, आणि गायकांना, व्हायोलिनवाल्यांना साथ कर. साथीला बसलं की थांबताच येत नाही, त्यामुळे डोळे आपोआप पुढे धावायला शिकतात.

नकार आलाच तर त्यात तुझं वाजवणं किती आणि जागा किती, हे बाहेरून कळत नाही. प्रत्येक शिक्षकाकडे ठराविकच विद्यार्थी असतात. जुना बाहेर पडला तरच नवा आत येतो. फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटमध्ये 1928 पासून कोणाकडूनच शिकवणीचे पैसे घेत नाहीत, आणि तिथे सगळ्या वाद्यांचे मिळून विद्यार्थी दोनशेच्या आत. पियानोच्या वाट्याला एखाद्या वर्षी किती जागा येणार, याचा अंदाज कर. 1832 मध्ये पुढे ऑपेराकार म्हणून गाजलेल्या व्हर्दीला मिलानच्या कॉन्झर्व्हेटरीने पियानोसाठी नाकारलं, तेव्हाही कारणं मिसळलेली होती : वय नियमापेक्षा जास्त, तो दुसऱ्या राज्यातला, आणि पियानोवर हात धरण्याची पद्धत बरोबर नाही. यातलं फक्त तिसरं कारण त्याच्या हातात होतं.

म्हणून संस्थेला विचार, परीक्षकांचा अभिप्राय मिळेल का? काही देतात. मिळाला तर तो शिक्षकांसोबत बसून वाच, आणि जे तुझ्या हातात आहे तेवढ्याच भागावर पुढच्या वर्षीचा कार्यक्रम बांध. अर्ज एकाच ठिकाणी केला होतास का, तेही कळव. तसं असेल तर या वेळी तीन-चार ठिकाणी कर, आणि त्यातलं किमान एक असं निवड जिथे तुला आवडलेल्या शिक्षकाकडे पुढच्या वर्षी जागा रिकामी होणार आहे.