वाचक विचारतात : मुंबईतली छायाचित्र प्रदर्शनं

प्रश्न : नाशिकहून एका दिवसासाठी येऊन छायाचित्र प्रदर्शनं पाहायची आहेत. कुठून सुरुवात करावी? कोणता वार बरा?

उत्तर : सुरुवात काळा घोड्यापासून. पंचवटी एक्सप्रेसने आलात तर सीएसएमटीहून जहांगीर कलादालन पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर आहे. ते 11 ते 7 उघडं असतं, प्रवेश मोफत. छायाचित्रं पुष्कळदा वरच्या टेरेस गॅलरीत लागतात आणि खालची दालनं पाहून परतणाऱ्यांच्या नजरेतून ती सुटतात, तेव्हा जिना चढाच. प्रदर्शनं साधारण मंगळवार ते सोमवार चालतात. पहिल्या संध्याकाळी उद्घाटनाची गर्दी, शेवटच्या दुपारी फ्रेमा उतरवायची घाई. म्हणून बुधवार किंवा गुरुवार सकाळ उत्तम. सोमवारी रीगल सिनेमाजवळची एनजीएमए (राष्ट्रीय आधुनिक कला दालन) बंद असते आणि रविवारी मेगाब्लॉक. दुपारनंतर नरिमन पॉइंटला एनसीपीए या कला केंद्रातली पिरामल गॅलरी करा. ती खास छायाचित्रांसाठीच ओळखली जाते. तिथे त्या आठवड्यात काही लागलंय का, हे मात्र आधी पाहून घ्या.

प्रश्न : काचेत फोटोपेक्षा माझंच प्रतिबिंब जास्त दिसतं. उपाय?

उत्तर : गडद कपडे घाला. काळपट छायाचित्रावरची काच आरशासारखी वागते आणि पांढरा शर्ट सगळी सावलीच खाऊन टाकतो. तरी चमक राहिली तर समोरून हटून अर्धं पाऊल बाजूला व्हा, दिव्याची तिरीप सरकते.

अंतराचंही तसंच. 16 × 20 इंची प्रिंटचा कर्ण सुमारे 26 इंच भरतो. आधी त्याच्या दुपटीने, म्हणजे चार-साडेचार फुटांवरून रचना पाहा. मग हातभर अंतरावर येऊन सावल्यांतला तपशील शोधा : काळ्यात अजून काही दिसतंय, की नुसता काळा गठ्ठा आहे? प्रिंट करणाऱ्याचं कसब इथेच कळतं, आणि मोबाइलच्या पडद्यावर नेमकं हेच हरवतं. त्यासाठीच तर प्रदर्शनाला जायचं! साठ चित्रांपुढे सारखाच वेळ उभं राहिलात तर विसाव्यानंतर डोळे थकतात. आधी दहा मिनिटांत पूर्ण फेरी मारा, मग आठ-दहा चित्रांकडे परत या. चित्राखालची पट्टी तेव्हाच वाचा. आधी वाचली की डोळे फक्त तिथे लिहिलेलंच शोधतात.

प्रश्न : पट्टीवर ‘आर्काइव्हल पिगमेंट प्रिंट, 3/10 + 2 एपी’ असं होतं. म्हणजे काय?

उत्तर : टिकाऊ रंगद्रव्याच्या शाईने इंकजेटवर काढलेली प्रिंट. या आकारात एकूण दहाच प्रती काढायच्या असं ठरलेलं आहे, ही तिसरी. शिवाय दोन ‘एपी’ (आर्टिस्ट्स प्रूफ), म्हणजे कलाकाराच्या स्वतःच्या प्रती. ‘सिल्व्हर जिलेटिन’ असेल तर ती डार्करूममधली, चांदीच्या क्षारांचा लेप असलेल्या कागदावरची प्रिंट. दोन सालं दिली असतील तर पहिलं फोटो टिपल्याचं, दुसरं प्रिंट काढल्याचं. मधलं अंतर मोठं असेल तर किंमत विचारताना याकडे लक्ष द्या, कारण फोटो टिपल्यानंतर लगेच काढलेल्या जुन्या प्रतीला सहसा जास्त भाव असतो. किंमत विचारायला संकोच नको. टेबलावर यादी असते, मागितली की देतात.

प्रश्न : मोबाइलवर फोटो काढले तर चालतं का?

उत्तर : आधी विचारा. परवानगी मिळाली तरी फ्लॅश बंद ठेवा : काचेवर पांढरा डाग उमटतो आणि शेजारी पाहणाऱ्याचे डोळे दिपतात. नुसत्या पट्टीचा फोटो घेतलात तरी पुरे. नाव आणि साल हाताशी असलं की त्या छायाचित्रकाराचं बाकी काम घरी शोधता येतं.